पुढचा नाचरा, मागचा निवांत

आमच्या स्टाफरूममध्ये खिडकीजवळ एक खुर्ची होती. तिला सगळे बोरसे सरांची खुर्ची म्हणत आणि तिच्यावर सगळे बसत, फक्त बोरसे सर सोडून. ते चहा उभ्याने घेत, हजेरी उभ्याने मांडत, परीक्षेचे पेपर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभ्याने तपासत. एकदा पाहुण्या साहेबांसमोर प्राचार्यांनी त्यांना "बेसो ने, बोरसेभाई" असं चार वेळा म्हटलं, तेव्हा ते खुर्चीच्या कडेला टेकले आणि साहेबांचं भाषण संपायच्या आत "गाडी कसली आहे तुमची?" असं विचारत उठले. साहेबांना वाटलं, कौतुकाने विचारतोय. सर सरळ खाली गेले आणि साहेबांच्या गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात पांढरा रुमाल घालून काजळी बघायला लागले.

सुरतेच्या त्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ते मोटार मेकॅनिकचा वर्ग घेत आणि मी त्याच मुलांना गणित शिकवी. मी साताऱ्याचा माने, ते अमळनेरकडचे बोरसे. गोडादऱ्यात आम्ही एकाच इमारतीत राहत होतो. ते वर, मी बरोबर त्यांच्या खाली. म्हणजे दिवसभर ते माझ्यासमोर येरझाऱ्या घालत आणि संध्याकाळी माझ्या डोक्यावर. दारापासून गॅलरी, गॅलरीपासून दार. सुरुवातीला मी वैतागलो. एकदा वर जाऊन सांगूनही आलो की सर, खाली माणसं राहतात. त्यांनी मनापासून माफी मागितली, आणि ती मागताना खोलीत चार चकरा मारल्या. पुढे मला त्या पावलांची सवय लागली. आता मी वलसाडला असतो आणि माझ्या डोक्यावर नुसती गच्ची आहे. संध्याकाळी तिथे काही वाजत नाही, तेव्हा चुकल्यासारखं होतं.

सरांचं एका शब्दाशी हाडवैर होतं. तो शब्द म्हणजे 'चालशे', आपलं 'चालेल'. सुरतेत राहिलेल्या माणसाला त्याची थोरवी सांगायला नको. दरवाजा लागत नाही, चालशे. वायर उघडी आहे, चालशे. ब्रेक थोडा उशिरा लागतो, चालशे. अर्धं शहर या शब्दावर चालतं आणि, खरं सांगायचं तर, बरं चालतं. पण वर्गात एखाद्या मुलाच्या तोंडून तो निसटला की सर हातातलं अवजार खाली ठेवत आणि विचारत, "चालशे म्हणजे? किती चालशे? कुठपर्यंत चालशे? आणि नाही चाललं तर कोण ढकलशे?" मुलं हसत. सर हसत नसत. त्यांना खरोखर त्रास होई. रस्त्याने माझ्या मागे बसून येताना पुढच्या रिक्षाचा धूर त्यांना सहन होत नसे. सिग्नलला उतरून ते रिक्षावाल्याला काही सांगायला जात आणि सिग्नल सुटला की मी पुढे, सर मागे, आणि आमच्या मागे हॉर्नचा गोंधळ.

त्यांच्या अगदी उलट शोभावहिनी. आमच्या भागातल्या पुष्कळ बायका घरी साड्यांना खडे चिकटवायचं काम घेत, वहिनीही घेत. भिंतीला पाठ लावून बसायच्या, मांडीवर साडी, शेजारी डिंकाची बाटली, आणि सर भोवती घिरट्या घालत असताना त्यांचा एक खडा इकडचा तिकडे व्हायचा नाही. घरात एक आरसा होता. त्याच्या कडेने वहिनींच्या वापरलेल्या टिकल्या चिकटवलेल्या असत, मरून रंगाच्या, मधोमध बारीक सोनेरी ठिपका असलेल्या. दाढी करताना सरांना त्या टिकल्यांमधून तोंड शोधावं लागे. वहिनी बोलत कमी, पण बोलल्या की सर थांबत. थांबत म्हणजे पाय थांबत. मान चालूच असे.

या दोघांना मुलांनी जी नावं ठेवली ती कशी पडली, ते सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सर त्या दिवशी ऑक्सिजन सेन्सर शिकवणार होते. संस्थेच्या मोडक्या गाडीचं इंजिन त्यांनी चौकटीवर बसवलं होतं. माझा तास रिकामा होता म्हणून मीही दारात उभा राहिलो. सरांनी इंजिन चालू केलं, सेन्सरच्या वायरीला तपासणीचा पडदा जोडला आणि म्हणाले, बघा, आता रेघ नाचेल. रेघ नाचली नाही. सर वाट पाहणारे नव्हतेच. त्यांनी वायरी काढल्या, पुन्हा जोडल्या, सेन्सर मेला असं जाहीर केलं, खरेदी करणाऱ्यांचा उद्धार केला, आणि मग सेन्सर का मरतो यावर भाषण सुरू केलं. तेवढ्यात वहिनी आल्या. सर डबा विसरत. म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा तरी. वहिनी गोडादऱ्याहून शेअर रिक्षाने यायच्या, डबा ठेवायच्या आणि जायच्या. त्या दिवशी त्या डबा घेऊन मागच्या बाकावर बसल्या, कारण सरांचं भाषण मध्ये तोडायची सोय नव्हती. इंजिन आपलं चालूच होतं. आणि सर "मेलेला सेन्सर" असं तिसऱ्यांदा म्हणत असताना मागून एक मुलगा ओरडला, "सर, जीवतो थयो!" पडद्यावर रेघ वर-खाली उड्या मारत होती.

चूक सरांचीच होती. तो सेन्सर गार असताना मुका असतो. सायलेन्सरच्या नळीत चांगला तापला की मगच बोलायला लागतो. हे सरांना माझ्या गणितातल्या पाढ्यांइतकं पाठ होतं, पण तापेपर्यंत थांबणार कोण? वहिनी बाकावरूनच म्हणाल्या, "त्याले तापाले टाइम लागस. सगळा काही तुम्हनामायक आधीच तापेल नसतस." वर्गात निम्मी मुलं खानदेशातली. हसून हसून त्यांची वाट लागली. सगळेच काही सरांसारखे आधीच तापलेले नसतात, असं बाकीच्यांना त्यांनी गुजरातीत समजावून सांगितलं, मग तीही हसली.

सर ओशाळले, पण शिकवायला लागले ते असं की मलाही समजलं. इंजिनात इंधन जास्त गेलं तर हवेतला ऑक्सिजन सगळा जळण्यात खपतो, धुरात उरत नाही. इंधन कमी गेलं तर उरतो. पुढचा सेन्सर धुरात तोंड घालून एवढंच बघतो, उरला की नाही उरला. नाही उरला म्हणाला की कॉम्प्युटर इंधन कमी करतो. मग लगेच उरला म्हणतो, की कॉम्प्युटर वाढवतो. असं सारखं वर-खाली, वर-खाली. म्हणून पुढच्याची रेघ नाचतच राहिली पाहिजे. ती ठरली की तो गेला. त्याच्या पुढे एक डबा असतो, आत जाळी, आणि बरोबर मापात धूर आला तर त्या जाळीत त्याचं विष उतरतं. डब्याच्या पलीकडे दुसरा सेन्सर. त्याला इंधनाशी फारसं देणंघेणं नाही. मधला डबा काम करतो की नाही, एवढंच तो बघतो. डबा चांगला असेल तर मागचा निवांत, रेघ जवळजवळ सरळ. सर म्हणाले, "पुढचा नाचरा, मागचा निवांत, तर घर ठीक. मागचाही नाचायला लागला, की समजायचं मधलं जळालं. मग गाडी पिवळा दिवा लावते. दिवा लागला म्हणजे गाडी बोलते. बोलणाऱ्याचं तोंड बंद करायचं नाही, काय म्हणते ते ऐकायचं."

मुलांनी पुढे उभ्या सरांकडे पाहिलं आणि मागे शांत बसलेल्या वहिनींकडे पाहिलं. झालं. त्या दिवसापासून ते पुढचा सेन्सर आणि वहिनी मागचा सेन्सर. वहिनींना हे कळलं तेव्हा त्या नुसत्या हसल्या आणि पुढच्या वेळी मुलांसाठी सांजोऱ्या घेऊन आल्या.

वहिनींना एकच भाऊ, राजू. आई-वडील लवकर गेले, तेव्हा या राजूला वहिनींनीच सुरतेला आणलं, आपल्याकडे ठेवून वाढवलं. आता तो कडोदऱ्याला राहत होता आणि गोडादऱ्यातल्या मुलांना शाळेत नेण्याआणण्याची व्हॅन चालवत होता. गॅसवरची जुनी व्हॅन, पण पोरगा टापटिपीचा. दर भाऊबिजेला दुपारच्या आत तो व्हॅन घेऊन हजर. वहिनी आधी त्याला ओवाळत, मग खाली उतरून व्हॅनच्या स्टिअरिंगला कुंकू लावत. मी वरून फराळाचं ताट येण्याची वाट बघत असे, म्हणून ते मला चांगलं ठाऊक आहे. भाऊ आला की वहिनींचा आवाज वाढायचा. एरवी वर्षभर त्यांचा आवाज माझ्या छतातून कधी खाली आला नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याला राजूने व्हॅनची पूजा बहिणीच्या हातूनच करून घेतली. नारळ फुटला, हार चढला. राजू म्हणाला, "आक्का, हाऊ पिवळा डोळा दिनभर मन्हाकडे टवकारीसन देखस." समोरच्या पट्टीवर इंजिनचा पिवळा दिवा लागलेला होता. वहिनींनी कपाळावरची टिकली काढली आणि त्या दिव्यावर चिकटवून दिली. दृष्ट नको लागायला, म्हणाल्या. हसत म्हणाल्या. आमच्याकडच्या किती रिक्षांत आणि टेम्पोंत मी अशी टिकली पाहिली आहे. कोणी देवाचा फोटो लावतं, कोणी लिंबू-मिरचीचं स्टिकर. दिवा दिसेनासा होतो आणि माणूस कामाला लागतो. सर त्या वेळी नेमके समोरच्या टेम्पोच्या सायलेन्सरमागे वाकलेले होते. त्यांनी काही पाहिलं नाही.

मग कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीचा चंदी पडवो आला. सुरतेने आपली तुपाळ मिठाई, घारी, खाल्ली, स्टाफरूममध्येही डबे आले, आणि घारीच्या तुपाने सगळे जड झाले असताना सर आमच्या जिन्यात उभे राहून एका बाईंचं बोलणं ऐकत होते. तळमजल्यावरच्या त्या बाईंची मुलगी राजूच्या व्हॅनमधून जायची. बाई म्हणत होत्या, पोरीचं रोज डोकं दुखतं, परवा उलटी झाली, ऊन लागतं बहुतेक. दुसरी म्हणाली, आमच्याचंही दुखतं. ऊन कसलं? दिवाळी तोंडावर आलेली. सरांचे पाय जिन्यातच वर-खाली व्हायला लागले. एक पायरी चढायचे, एक उतरायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते व्हॅन बघायला शाळेकडे निघाले तेव्हा वहिनी दारात आल्या. मी खाली चप्पल घालत होतो. वहिनी म्हणाल्या, "राजू संध्याकायले घर येस. घरमा सांगा. रस्तावर बोलू नका." आणि मला म्हणाल्या, "माने भाऊजी, तुम्ही संगे जा." सरांनी मान हलवली. ती मान सदाच हलत असायची, त्यामुळे तो होकार होता की नुसती सवय, हे आम्हा दोघांनाही कळलं नाही.

शाळा सुटायला थोडा वेळ होता. व्हॅन फाटकाजवळ सावलीत उभी आणि राजू पलीकडे चहाला गेलेला. सर व्हॅनमध्ये शिरले, किल्ली तिथेच होती, इंजिन चालू केलं. समोरच्या पट्टीवर त्यांना टिकली दिसली. मरून, मधे सोनेरी ठिपका. ती त्यांनी ओळखली नसेल असं कसं म्हणू? रोज सकाळी ते तिच्या बहिणींमधून तोंड शोधत होते. त्यांनी नखाने ती अलगद उचलली. खालून पिवळा दिवा लागला. टिकली त्यांनी अंगठ्याच्या नखावर चिकटवली आणि पिशवीतून तपासणीचं यंत्र काढून गाडीला जोडलं.

मला म्हणाले, "मानेभाऊ, हे बघा." पुढच्या सेन्सरची लाट छान वर-खाली होत होती. मी म्हटलं, चांगला नाचतोय की. सर म्हणाले, "जास्तच चांगला. साडीच्या काठावरची नक्षी बघा, तशी एकसारखी. खरी लाट अशी नसते हो. खरी कधी दम खाते, कधी घाई करते." ते खाली वाकले, वायरी चाचपत गेले आणि आगपेटीएवढी एक काळी डबी सापडली. पुढचा सेन्सर केव्हाच मेलेला होता. कुणा गॅरेजवाल्याने नवा घालण्याऐवजी ती डबी बसवली होती. डबी दिवसभर कॉम्प्युटरला खोटंच सांगायची की सगळं मापात आहे. कॉम्प्युटर बिचारा विश्वास ठेवून इंधन जास्त सोडत राहिला, मधली जाळी जळून वितळून बुजली, कोंडलेला धूर मुलांच्या बाकाखालचा सांधा फोडून आत येत होता. त्या धुरातल्या विषाला वास नसतो. पुढच्याच्या जागी खोटा बसवता आला, पण मागचा फसला नाही. पिवळा दिवा त्यानेच लावला होता. आणि त्याच्यावर टिकली लावली होती वहिनींनी.

राजू चहाचा कप हातात घेऊन धावत आला. सरांनी डबी त्याच्यासमोर धरली. "हाई कोणी बसाडी?"

"गॅरेजवालाने. दिवा बंद व्हयी जास म्हने. पुन्हा लागना, पन गाडी चालस ना दाजी." मग कसंनुसं हसून तो म्हणाला, "चालशे."

तो शब्द त्याने उच्चारायला नको होता. शाळा सुटली होती. फाटकावर आया जमल्या होत्या, मुलं व्हॅनकडे धावत होती. सर दोन्ही हात पसरून व्हॅनच्या दारात उभे राहिले आणि मोठ्याने हिंदीत म्हणाले, "इस गाडी में एक भी बच्चा नहीं बैठेगा. अंदर जहर है." मी त्यांचा दंड धरला. दगडासारखा झाला होता. मग ते गुजरातीत बोलले, मग मराठीत, आणि डबी उंच धरून सगळ्यांना दाखवली. आया घाबरल्या, मुलांना ओढून घेतलं. एकीने राजूला काय वाटेल ते सुनावलं. ज्या मुलांची नावं, खोड्या, कुणाला खिडकी लागते, हे सगळं त्या पोराला पाठ होतं, ती मुलं त्याच्याकडे बघत बघत पायी निघून गेली.

राजूने चहाचा कप टपाच्या कडेला ठेवला. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "घर ईसन सांगता ना, दाजी."

मला त्या वेळी सरांचा राग आला, आणि तो अजूनही थोडा शिल्लक आहे. मुलं त्या गाडीत बसता कामा नयेत, हे खरंच. त्यात दुमत नाही. पण राजूला घरी येऊन नाही, तरी दहा पावलं बाजूला घेऊन हेच सांगता आलं असतं. तोही भला माणूस, त्याला फसवणारा गॅरेजवाला वेगळाच. पण सरांना दहा पावलांचा धीर नव्हता.

घरी आल्यावर मी त्यांची पिशवी द्यायला वर गेलो. वहिनी भिंतीला टेकून साडीला खडे लावत होत्या. सर आरशापाशी गेले आणि नखावरची टिकली काढून इतर टिकल्यांच्या ओळीत चिकटवून ठेवली. वहिनींनी आरशाकडे पाहिलं. म्हणाल्या, "मीच लायेल व्हती." सर म्हणाले, "माहीत शे." त्यानंतर त्या घरात त्या विषयावर एक शब्द झाला नाही, म्हणजे माझ्या छतातून तरी आला नाही. पावलं मात्र वाढली.

बिल्डिंगमधल्या मुलांची डोकी दुखायची थांबली. आयांनी सरांचे आभार मानले. तळमजल्यावरच्या बाईंनी तर लाडू पाठवले. सरांनी ते संस्थेत आणून वाटून टाकले, स्वतः खाल्ला नाही. राजूने व्हॅन कडोदऱ्याला नेऊन दारात उभी करून टाकली आणि ओळखीच्या एका कापडाच्या लूमवर कामाला जायला लागला. बहिणीचा फोन उचलत नव्हता. वहिनींनी कुणापाशी तक्रार केली नाही. फक्त एकदा जिन्यात मला थांबवून विचारलं, "भाऊजी, भाऊबीजले तो ई ना?" मी म्हटलं, येईल हो, भाऊ आहे. त्यांनी मान डोलावली आणि भाजीची पिशवी घेऊन वर गेल्या. भाऊ आला नाही तर काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. त्यांना त्याच्याशिवाय माहेर नव्हतं.

भाऊबीज उजाडली. सकाळपासून माझ्या डोक्यावर पावलं चालू. दार ते गॅलरी, गॅलरी ते दार. मी मनात म्हटलं, आज तरी बस की रे बाबा. दुपार कलली, खाली व्हॅनचा आवाज नाही, वर पावलं थांबत नाहीत. शेवटी आमच्याकडची करंजी-चकली ताटलीत घेतली आणि वर गेलो.

दार उघडंच होतं. मी उंबऱ्यातच थबकलो. सर बसले होते. वहिनींच्या रोजच्या जागेवर, भिंतीला पाठ लावून, साड्यांच्या गठ्ठ्याशेजारी. नवा शर्ट, मांडीवर हात, पाय पसरलेले आणि अगदी स्थिर. मान पण स्थिर. आणि दारापासून गॅलरीपर्यंत वहिनी फिरत होत्या. सकाळपासूनची ती पावलं त्यांची होती. पाटाभोवती रांगोळी, पाटावर कुणी नाही, ओवाळणीच्या ताटातली वात विझून गेलेली. मला इतक्या वर्षांत त्या दोघांची अशी भीती कधी वाटली नव्हती. ताटली कुठे ठेवावी तेही सुचेना.

वहिनी फिरता फिरता सरांसमोर थांबल्या. "पोऱ्यास्ले तुम्हीच शिकाडतस ना, मांगला नाचाले लागना म्हंजे मझारलं जळी गयं?"

सरांनी वर पाहिलं. मला वाटलं, रडतात की काय. मग ते हात टेकून उठले, खाटेपाशी गेले, ओणवे झाले आणि खालून एक गोणपाट ओढलं. आत नवाकोरा डबा होता, व्हॅनच्या मापाचा, आणि खोक्यात पुढचा सेन्सर. मी थक्क झालो. वहिनी झाल्या नाहीत. "त्या फाटकवरला दिनना दुसऱ्याच दिनले आनीसन ठेयेल शे," त्या मला म्हणाल्या. "रोज झाडतांना मी सरकाडस." म्हणजे इतके दिवस सामान घरात होतं. सरांना ते घेऊन मेहुण्याच्या दारात जाववत नव्हतं, आणि वहिनी त्यांच्या पायांची वाट बघत होत्या. जो माणूस सिग्नलवर परक्या रिक्षावाल्यासाठी उतरत होता, त्याला कडोदऱ्यापर्यंतचा रस्ता जड झाला होता.

"चाला," वहिनी म्हणाल्या. आरशावरची, व्हॅनमधून आलेली ती टिकली त्यांनी उचलली आणि कपाळाला लावली. डिंक गेला होता, तिरकी बसली. त्यांनी तशीच राहू दिली.

रिक्षात वहिनी ताट घेऊन, सर अवजारांची पिशवी घेऊन आणि मी मांडीवर तो लोखंडी डबा घेऊन, असे आम्ही निघालो. मला कुणी या म्हटलं नव्हतं, राहा असंही नाही. कडोदऱ्याची ती गल्ली मला ओळखू येईना. दिवाळीची सुट्टी, लूम बंद. एरवी तिथे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही आणि आज कुणाच्या तरी घरातल्या कपबशा वाजत होत्या. राजूच्या दारात व्हॅन धूळ खात उभी. राजू ओट्यावर बसला होता, नव्या कपड्यांत. म्हणजे निघायचं त्याच्याही मनात होतं कुठेतरी. आम्हाला पाहून तो उठला, बहिणीच्या पाया पडला आणि सरांकडे न बघता बाजूला उभा राहिला.

सर सरळ व्हॅनपाशी गेले. गोणपाट अंथरलं, व्हॅन जॅकने उचलून खाली दगड लावले, आणि भाऊबिजेच्या नव्या शर्टानिशी गाडीखाली शिरले. बाहेर फक्त पाय राहिले. ते पाय हलत नव्हते. आतून पाना सरकल्याचा, गंजलेला बोल्ट कुरकुरल्याचा आवाज येत होता. वहिनी ताट हातात धरून ओट्यापासून व्हॅनपर्यंत आणि व्हॅनपासून ओट्यापर्यंत फिरत होत्या. राजूने त्यांना बसायला खाट सरकवली. त्या बसल्या नाहीत.

मग गाडीखालून आवाज आला. "राजू, बावीसना पाना दे."

राजू जागचा हलला नाही. पिशवी त्याच्या पायाशीच होती. मी पुढे व्हायला लागलो, तर वहिनींनी मला नुसत्या नजरेने थांबवलं. गाडीखालून एक काळा झालेला हात बाहेर आला आणि तसाच उघडा राहिला. कुठल्याही हाताला इतका वेळ रिकामं राहिलेलं मी पाहिलं नाही, आणि तो तर बोरसे सरांचा हात. शेवटी राजू वाकला, पिशवीत शोधलं आणि पाना त्या हातावर ठेवला.

हात आत गेला. थोडा वेळ पाना फिरल्याचा आवाज आला, मग तो थांबला.

"राजू," गाडीखालून सर म्हणाले, "मी घर ईसन सांगाले पाहिजे व्हतं."

राजूने बहिणीकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. शर्टाच्या बाहीने तोंड पुसत तो व्हॅनकडे वळून म्हणाला, "चालशे, दाजी."

मला वाटलं, आता गाडीखालून भाषण येणार, किती चालशे, कुठपर्यंत चालशे. काही आलं नाही. पाना पुन्हा फिरू लागला, आणि मी पाहिलं, गोणपाटावरचे ते दोन पाय हलायला लागले होते. आधी अंगठा, मग घोटा, मग नेहमीसारखे दोन्ही, वर-खाली, कधी दम खात, कधी घाई करत. वहिनी त्या पायांकडे बघत राहिल्या. मग ताट मांडीवर घेऊन सकाळपासून पहिल्यांदा निवांत खाली बसल्या.